दिवा लागलाच नव्हता

५ जानेवारी २०२५, रविवार
गांधीधाम

ही डायरी ऑइल कंपनीच्या माणसाने गॅरेजात सगळ्यांना वाटली. बाकीच्यांनी पानं फाडून हात पुसायला घेतली. मी ठेवून दिली. शाळा आठवीत सुटली, त्यामुळे अक्षर बघण्यासारखं नाही, पण वाचणारा मीच.

इथे आपल्या बोलीत बोलायला माणूस नाही. दिवसभर हिंदी, गुजराती, कच्छी. रविवारी तोंड बंद. मग मनातल्या मनात शिरपूरच्या स्टँडवर जाऊन येतो. आज वाटलं, तेच कागदावर बोलावं.

मी भटू. गाव शिरपूरपासून पाच किलोमीटर, सगळं शिवार केळी आणि कपाशी. शाळा सुटल्यावर दोन वर्षं ठिबकच्या नळ्या जोडत शेतोशेत फिरलो. मग उखर्डूनानाच्या गॅरेजात लागलो. नाना माझा उस्ताद. आग्रा रोडला निंबाच्या झाडाखाली त्याचं पत्र्याचं शेड. लांब पेचकसाची मूठ कानाला लावायचा, टोक इंजिनाला, आणि डोळे मिटून सांगायचा, 'तिसरा नंबर कन्हस.' म्हणजे तिसरा सिलिंडर कण्हतोय. मी पण लावून बघायचो. मला नुसती घरघर ऐकू यायची.

मार्चमध्ये इथे येऊन तीन वर्षं होतील. नानानेच पाठवलं, म्हणजे घालवलंच. एक दिवस सकाळी म्हणाला, "तुन्हं आठे काही व्हवाव नही. गुजरातमा जाय. हासम मन्हा जुना दोस्त शे." मला वाटतं, त्याला पुतण्याला जागा करून द्यायची होती. पुतण्या काही आला नाही असं ऐकतो, पण राग गेला नाही माझा.

हासमचाचा इथले मोठे मिस्त्री, वायरिंगचे बादशहा. पहिल्या दिवशी माझ्याकडे बघून हसले होते. "उखर्डूने सांगितलंय, तू टेप फार छान गुंडाळतोस." तेवढी एक गोष्ट नानाने माझ्याबद्दल चांगली सांगितली म्हणायची. पण पावणेतीन वर्षं चाचांनी वायरिंगला हात लावू दिला नाही. धुणं, टायर, क्लच. गेल्या डिसेंबरपासून हाताखाली घेतलंय. तरी मी इथे राहणार नाही. मुंद्र्याला बंदरावर माणसं घेतात म्हणे. माय म्हणते, तुझ्या पायाला भिंगरी आहे.

९ जानेवारी, गुरुवार

एक पांढरी सात सीटर आली. नवीच गाडी, पण चाळीसच्या वर पळेना. रेस दिली की गुदमरल्यासारखी व्हायची, चढावर ट्रॅक्टर पुढे जायचा. समोर लाल दिवा पेटलेला आणि पडद्यावर अक्षरं, इंजिन थांबवा. दोन गॅरेजांनी इंजिन खोलायला सांगितलं होतं. मालकाचा चेहरा असा, जणू घरात कोणी आजारी आहे.

चाचांनी इंजिन खोललं नाही. ऑइलच्या प्रेशरचा सेन्सर काढला, अंगठ्याएवढी वस्तू. त्या जागी आपलं प्रेशर मोजायचं सुईवालं घड्याळ बसवलं आणि गाडी चालू केली. सुई जिथे पाहिजे तिथे उभी.

"इंजिन ठणठणीत आहे," चाचा म्हणाले. "हा सेन्सर बिघडलाय. प्रेशर असून नाही म्हणून सांगतो. गाडीचा कॉम्प्युटर घाबरतो आणि इंजिनाला दम घेऊ देत नाही."

मालकाने चाचांचे हात धरले. मला नाना आठवला. त्याचं पण असंच, लोक हात धरायचे.

११ जानेवारी, शनिवार

चाचांनी मला सगळ्यांसमोर झापलं.

जुनी डिझेल जीप होती. सेन्सरच्या आट्यातून ऑइल पाझरत होतं. नवा बसवायला मला सांगितला. मी खिशातून पांढरी टेप काढली, नळाला लावतात ती, आणि आट्यांवर सात-आठ वेढे दिले. घट्ट, एक सुरकुती नाही. ठिबकवाल्या पोराचा हात आहे. आमच्याकडे आटा दिसला की टेप, कोणाला विचारायचं काम नाही.

चाचांनी मनगट धरलं. "हे काय?"

"लीक होऊ नये म्हणून."

"वायर किती आहेत याला?"

"एक."

"त्या पांढऱ्या गाडीच्या सेन्सरला तीन होत्या. याला एकच का? करंट जातो, परत कुठून येतो?"

मी सेन्सर उलटसुलट करून बघितला.

"आट्यांतून येतो, बाबा. सेन्सरच्या अंगातून इंजिनाच्या अंगात. तू मध्ये प्लास्टिक गुंडाळलंस."

मग त्यांनी दाखवलं. टेपसकट सेन्सर बसवला, चावी फिरवली. इंजिन बंद, प्रेशर शून्य, म्हणजे लाल दिवा लागायला पाहिजे. नाही लागला. टेप काढून बसवला. लागला.

"बघितलंस? टेप असली की ऑइलचा थेंब उरला नाही तरी दिवा लागणार नाही. ड्रायव्हर गाणी ऐकत जाईल आणि इंजिन जागेवर जाम होईल."

पाणी प्यायला गेलो तो टाकीजवळ बराच वेळ बसलो. आज एवढंच.

१२ जानेवारी, रविवार

सगळं लिहून काढतो, नाहीतर डोकं फुटेल.

प्रेमराजभाऊ. आमच्या स्टँडवरचा ड्रायव्हर, स्वतःची जुनी सात सीटर. पण स्टँडवरचा म्हटलं तर त्याला राग यायचा. तो नवरदेवाचा ड्रायव्हर होता. वीस वर्षं तालुक्यातले नवरदेव त्याच्याच गाडीतून गेले. लग्नाच्या दिवशी पांढरा शर्ट, खांद्यावर नवा रुमाल. गाडी सजवायला फुलवाल्याला हात लावू द्यायचा नाही, झेंडूचे हार स्वतः ओवायचा. पोरं चिडवायची, "भाऊ, नवरदेव कोन शे, तू का तो?" तो म्हणायचा, "तो एक दिननाच शे. मी कायमना."

त्याच्या गाडीचं काम नानाकडेच. दोघं जिवाचे दोस्त. सोमवारी शिरपूरला बाजार, त्या दिवशी साडेदहाला प्रेमराजभाऊ शेडमध्ये यायचा आणि दोघं बाकड्यावर बसून चहा प्यायचे. नाना बशीत ओतून, भाऊ कपाने. गिऱ्हाईक आलं तरी नाना उठायचा नाही.

दोन हजार एकवीसच्या पावसाळ्यात भाऊच्या गाडीचा सेन्सर पाझरत होता. नाना धुळ्याला गेला होता. मी बसवला. सात-आठ वेढे. नानाला अभिमानाने सांगितलं, "थेंब बी गळत नही आते."

पुढच्या फेब्रुवारीत फत्तेसिंगचं लग्न होतं. तापीकाठचा राजपुतांचा पोरगा, मुलगी जळगावची. निघताना त्याच्या शेतातल्या रस्त्यावर गाडीच्या चेंबरला, म्हणजे खालच्या ऑइलच्या टाकीला, दगड लागला. बारीक चीर पडली असणार, कोणाला कळलं नाही. धुळ्याहून नवरदेवाच्या मामाला घेतलं, पारोळा गेलं, आणि एरंडोलच्या अलीकडे इंजिन जाम. ऑइलचा टिपूस नाही. नवरदेव फेट्यासकट रस्त्यावर उभा. शेवटी केळीची पिकअप थांबवली आणि पानांवर बसून तो मांडवात पोचला.

प्रेमराजभाऊ एकच सांगत होता, "दिवा लागलाच नव्हता. देवाशप्पथ नव्हता लागला."

कोणी मानलं नाही. स्टँडवर हसले. "डीजेना तालमा व्हता भाऊ, दिवा कसाले दिखी?" कोणी म्हणालं, घेतलेली असेल. तो सुपारी पण खात नाही. त्यानंतर त्याला कोणी लग्नाचं सांगेना. नवरदेवाची गाडी वाटेत बंद पडली, आता ते कोण विसरणार?

मी पण हसलो होतो स्टँडवर. मीच. आणि त्याची गाडी दुसऱ्या कोणी बिघडवली नव्हती.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. इथे आभाळ दिसत नाही एवढे पतंग. गॅरेज बंद. गच्चीवर ओढून नेलं मला. खाली बघत बसलो.

आठवून आठवून पाहिलं, आणखी कोणाच्या गाडीला मी टेप लावली का. नाही. त्या वर्षी तो एकच सेन्सर माझ्या हातून बसला. पण एकाच माणसाचं व्हायचं ते झालंच ना.

एक गोष्ट आज ध्यानात आली. भाऊचं इंजिन नानाने एकट्याने खोललं. मला म्हणाला, तू धुळ्याला जाऊन बेअरिंग आण. परत आलो तर सगळे भाग धुऊन मांडलेले. त्या कामाची मजुरी नानाने घेतली नाही. मला वाटलं होतं, म्हातारपणी माणूस हळवा होतो. पंधरा दिवस माझ्याशी धड बोलला नाही. नवं काम येईना म्हणून वैतागला असेल. आणि महिन्याने मला इकडे घालवलं.

आता वाटतं, नानाला तेव्हा कळलं असतं तर किती बरं झालं असतं. त्याने त्याच दिवशी सगळं सांगून टाकलं असतं. तो तसाच आहे, तोंडावर बोलणारा.

१९ जानेवारी, रविवार

मायला फोन केला. कळण्याची भाकरी केली होती म्हणे, ठेचा, वर तेल. ऐकूनच पोट भरलं, भरलं म्हणजे दुखलं. सहज विचारल्यासारखं विचारलं, प्रेमराजभाऊ काय करतो.

"प्रेमराज का? गाडी इकी टाकी त्यानी. आते जिनिंगना गेटवर बठस. उखर्डूनानानीच सांगीसन लायी दिधा त्याले."

"आणि नाना?"

"नानानी इंजिननं काम सोडी दिधं. पंचर काढस, ऑइल बदलस. डोळा गयात म्हनस."

नानाचे डोळे? मागच्या दिवाळीत फोनवर मला म्हणाला होता, पुलावरून जाणाऱ्या ट्रकचा नंबर वाचतो म्हणून. नव्या गाड्या जमत नसतील. म्हातारी माणसं कबूल करत नाहीत.

२६ जानेवारी, रविवार

आठवडाभर स्वतःशी भांडतोय. एक मन म्हणतं, कोणाला काय माहीत? इंजिन गेलं, गाडी गेली, तीन वर्षं झाली. तू मुंद्र्याला जा, क्रेन चालव. दुसरं मन काही बोलतच नाही, ते नुसतं प्रेमराजभाऊचा रुमाल दाखवतं.

काल एका गिऱ्हाइकाने विचारलं, दिवा लागत नाही म्हणजे गाडी चांगली आहे ना? मी जरा जोरातच म्हणालो, चावी फिरवली की आधी लागला पाहिजे, मग विझला पाहिजे. तो दचकला.

२ फेब्रुवारी, रविवार

चाचांकडे सुट्टी मागितली. वाटलं होतं ओरडतील. कारण पण विचारलं नाही. म्हणाले, "आठ दिवस जा. उखर्डूला सलाम सांग. म्हणावं, पोरगा शिकला."

"काय शिकला?"

"तू एवढंच सांग."

चाचांचं असंच कोड्यात बोलणं असतं.

८ फेब्रुवारी, शनिवार
गाव

सुरतेला गाडी बदलली. नंदुरबार मागे पडलं आणि खिडकीतून आपली माती दिसायला लागली. काळी, भेगाळलेली. वेचलेल्या कपाशीच्या पऱ्हाट्या उभ्या. नरडाण्याला उतरलो, तिथून रिक्षाने शिरपूर. सावळदे पुलावरून तापी दिसली, पात्रात टरबुजांच्या वाड्या. रिक्षावाला म्हणाला, "भो, उतरी जास का? एवढा वाकी वाकी देखी राह्यना." मी म्हणालो, चाल रे, देखू दे.

मायने ओळखलं नाही म्हणे आधी. गाल बसलेत तुझे, म्हणाली. मग जेवायला घालत बसली.

९ फेब्रुवारी, रविवार

नानाकडे गेलो. शेडमध्ये एक पण इंजिन नाही. टायर, पाण्याचं घमेलं, हवेची मशीन. निंबाच्या फांदीला ती जुनी चेनपुली तशीच, गंजलेली. नाना मोटारसायकलची ट्यूब पाण्यात दाबत होता. बुडबुड्याची जागा त्याने मला दिसायच्या आधी धरली. डोळे कुठे गेलेत?

"उना का," म्हणाला. "बठ. हासम कसा शे?"

"सलाम सांगितलाय. म्हणाले, पोरगा शिकला."

नानाने ट्यूब सोडली. हात पुसले. बराच वेळ पुसत राहिला.

"समजनं तुले मंग."

मी टेपचं सांगायला आलो होतो, दोन आठवडे वाक्यं जुळवली होती. नानाने सगळी वाक्यं काढून घेतली.

"नाना, तुले माहीत व्हतं?"

"इंजिन खोलं, पहिलं तेच दिखनं. पांढरं. सात वेढा. मन्हा गॅरेजमा तसा वेढा एकच हात देस."

माझा आवाज चढला. मग सांगितलं का नाही? तो माणूस शपथा घेत होता, तू शेजारी उभा होतास.

"तू सतरा वरीसना पोऱ्या. तुन्हं नाव घेतं असतं ते कोनी तुन्हा हातमा पाना दिधा नसता. प्रेमराजनं नाव वीस वरीसनं व्हतं. माले वाटनं, एवढं मोठं नाव शे, एक डाग पची जाई." ट्यूब उचलून परत ठेवली. "नही पचना."

"आणि मला तिकडे..."

"हासमले सांगं, याले वायरिंग शिकाड. पन आपला आपला समजू दे. कोनी सांगं ते माणूस इसरी जास."

मी पुतण्याचं तीन वर्षं धरून बसलो होतो.

मी म्हणालो, प्रेमराजभाऊला सांगतो आता. तर नाना उठून उभा राहिला. "कसाले? इंजिन परत येई का?" मग खाली बघून म्हणाला, "सांग. तुन्हं सांग. मन्हं नाव नको लेजो. सोमवारना चहा तेवढा ऱ्हायेल शे मन्हा."

म्हणजे तीन वर्षं दर सोमवारी हा त्याच्यासमोर बसून बशीत चहा ओततो आहे.

११ फेब्रुवारी, मंगळवार

काल जिनिंग मिलच्या गेटपर्यंत गेलो आणि परत आलो. आज गेलो.

प्रेमराजभाऊ खुर्चीवर, खाकी शर्ट. केस पांढरे झालेत. मला बघून खूश झाला. "भटू! गुजराती व्हई गया का रे?" डब्यातला चिवडा पुढे केला, दिपमालावहिनीच्या हातचा. कापसाचे ट्रॅक्टर येत होते, तो उठून गेट उघडायचा, नंबर लिहायचा, परत बसायचा. हवेत सगळीकडे कापसाचं बारीक पीस. त्याच्या भुवयांवर पण.

मी म्हणालो, भाऊ, गाडी चालवत नाही का आता?

"नही रे. मन्हा भरोसा नही आते." मग हळू आवाजात, "खरं सांगू का? दिवा लागेल व्हई. मीच देखा नही. आते डोळा मिटा ना, ते माले लाल दिखस. तव्हय बी दिखना व्हई. मी उगाच शप्पथ लिधी."

मी सगळं ठरवून गेलो होतो, पण हे ठरवलेलं नव्हतं. लोकांनी त्याला खोटं म्हणता म्हणता त्याने स्वतःच स्वतःला खोटं ठरवलं होतं.

"भाऊ, नव्हता लागला."

"तुले काय माहीत? तू गाडीमा व्हता का?"

"लागूच शकत नव्हता." आणि मी सांगितलं. टेप, आटे, एक वायर, करंट.

ट्रॅक्टर आला. तो उठला, गेट उघडलं, नंबर लिहिला, गेट लावलं. परत येऊन बसला.

"चावी फिरावी तव्हय बी लागत नसेल मंग. आठ महिना. ते मी देखाले पाहिजे व्हतं."

"कोणी बघत नाही, भाऊ."

"मी ड्रायव्हर व्हतो. मी देखाले पाहिजे व्हतं." मग माझ्याकडे वळला. "पन त्या दिनले लागलाच नव्हता?"

"नव्हता."

"परत सांग."

"नव्हता लागला, भाऊ."

पाच वेळा सांगायला लावलं त्याने. पाचव्यांदा त्याने खिशातून फोन काढला, वहिनीला लावला आणि फोन माझ्या तोंडाशी धरला. "हिले सांग." मी सांगितलं. पलीकडून वहिनीचं एकच वाक्य, "मी तव्हय बी तेच सांगी ऱ्हायनी व्हती." आणि फोन ठेवला.

मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने विचारलं, "नानाले माहीत व्हतं का?"

'नाही' म्हणायला जेवढा वेळ लागतो, त्याच्यापेक्षा जास्त वेळ गप्प बसलो.

"समजनं," तो म्हणाला. आणि चिवड्याच्या डब्याचं झाकण लावलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

प्रेमराजभाऊ सकाळी घरी आला. पांढरा शर्ट घालून. मायने चहाला विचारलं, नको म्हणाला. मला म्हणाला, चाल.

आधी स्टँडवर. पाच-सहा ड्रायव्हर गाड्या पुसत होते. "सांग यास्ले." मी सांगितलं. माझं सांगून झाल्यावर कोणी हसलं नाही. मग एकजण म्हणाला, "म्हन्जे रे भटू, तू पानीना नळ समजना का इंजिनले?" तेव्हा सगळे हसले, आणि मला हलकं वाटलं. ते मला हसत होते, त्याला नाही. एकाने भाऊच्या खांद्यावर हात ठेवला. भाऊने तो हात काढला, पण सावकाश काढला.

मग माझ्या मागे मोटारसायकलवर बसून फत्तेसिंगच्या गावी. वाटेत एकदाच बोलला. "तीन वरीस व्हयनात, या रस्तावर पाय नही ठेवा. त्या तोंडे दिखतीन म्हनून."

फत्तेसिंग अंगणात केळीचे घड मोजत होता. भाऊला बघून हातातलं टाकून आला, पाया पडला. "प्रेमराजभाऊ! अहो कुठे असता? धाकट्याचं लग्न ठरवताना किती फोन केले तुम्हाला, उचलला नाहीत!"

भाऊने मला पुढे ढकललं. मी परत सगळं सांगितलं. फत्तेसिंगने नीट ऐकलं, आणि मग घरात हाक मारली, "रोहिणी, तो फोटो आण गं!"

त्याची बायको रोहिणी फोटो घेऊन आली, मागे दोन वर्षांची पोरगी. फ्रेममधला फोटो. नवरदेव फेटा बांधून केळीच्या पिकअपमध्ये उभा, एक हात छताला, दात दिसतायत.

"आमच्या माहेरी अजून सांगतात," रोहिणी म्हणाली. "बाकीच्यांचे नवरे घोड्यावर आले, माझा केळीवर. सगळ्या मैत्रिणी जळतात."

"मी तर पोरीला रोज तीच गोष्ट सांगतो," फत्तेसिंग म्हणाला. "तुमच्यावर कोण रागावलं होतं, भाऊ? आम्ही नाही."

प्रेमराजभाऊने फोटो हातात घेतला. खूप वेळ बघितला. फोटोच्या कोपऱ्यात, मागे रस्त्याच्या कडेला, बोनेट उघडलेली त्याची गाडी होती. झेंडूचे हार तसेच. आणि शेजारी पांढऱ्या शर्टातला माणूस, पाठमोरा.

"हार चांगला व्हतात," एवढंच म्हणाला.

फत्तेसिंग म्हणाला, धाकट्याचं लग्न मेमध्ये आहे, गाडी आमची नवी आहे, तुम्ही फक्त बसा. भाऊ हो म्हणाला नाही, नाही पण म्हणाला नाही. पण निघताना अंगणातल्या त्या गाडीकडे गेला, दार उघडलं, चावी फिरवली आणि मीटरमधले दिवे बघत उभा राहिला. मग चावी काढून फत्तेसिंगच्या हातात दिली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज निघायचं. सकाळी भाऊ पिंपळाजवळ भेटला. माझ्याशी बोलतो, पण पहिल्यासारखं नाही. त्याचा मला राग नाही. तीन वर्षं गेली त्याची.

"नानाकडे जाशी का?" म्हणाला.

"जाणार. तू पण चल."

"नही. त्याले सांग, सोमवारना चहा पेवाले मी येसू. पन तो बोलाव नही. मी बोलसू."

नानाला तसंच सांगितलं, शब्दाला शब्द. नाना बाकड्यावर बसला होता. विचारलं नाही, तू नाव घेतलंस का. म्हणाला, "बरं." मग उठला आणि बाकडं पुसायला लागला. आज शनिवार होता.

मला कळत नाही मी काय केलं. एकाला मोकळं करायला गेलो आणि दोघांचा वीस वर्षांचा चहा मोडला की काय. नानाने मला जपलं. त्या जपण्याचे पैसे प्रेमराजभाऊने भरले, आणि पावती आता मी नानाला नेऊन दिली.

स्टेशनवर मायने भाकरी बांधून दिली. गाडी सुटेपर्यंत म्हणत होती, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ये. या वेळी मी बघू म्हणालो नाही. येतो म्हणालो.

१७ फेब्रुवारी, सोमवार
गांधीधाम

सकाळपासून घड्याळ बघतोय. साडेदहाला हातातलं काम थांबवलं. चाचांनी बघितलं.

पावणेअकराला फोन वाजला. नानाचा नंबर. उचलायची हिंमत होईना. पाचव्या रिंगला उचलला.

आवाज प्रेमराजभाऊचा. "भटू? मी बोलाले उनथू. बठ्ठं पाठ करी उनथू. आनि हाऊ रडी ऱ्हायना. याले मी काय सांगू?"

सगळं पाठ करून बोलायला गेला होता, आणि समोर नाना रडत बसला होता. मी म्हटलं, "चहा घेतला का तुम्ही?"

"थंडा व्हई गया. दोन्हीस्ना."

"मग दुसरा सांगा."

"तू बी ना," म्हणाला, रागानेच. फोन बंद करायचं विसरला असणार. बाकड्यावर ठेवल्याचा आवाज आला. मग त्याने हॉटेलवाल्याला हाक मारली, दोन चहा, आणि एक बशी. नंतर नुसती हवेच्या मशीनची घरघर. रस्त्यावरून ट्रक गेला.

मग भाऊचा आवाज, लांबून, पण स्पष्ट. "नाक पुस. हां. आते तू सांग नाना, ती टेप तुले दिखनी तव्हय मी कोठे उभा व्हतो?"

मी फोन बंद केला.